वढवाण्याच्या पाळीवर: आधी पाणी वाचा, मग पक्षी

हिवाळ्यात बडोद्याहून वढवाण्याच्या तळ्याला जाणारे बहुतेक जण पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, चढले की लगेच दुर्बीण डोळ्याला लावतात. लांबवर काळे ठिपके दिसतात. ‘बदके आहेत’ एवढे म्हणून फोटो काढायचे आणि तासाभरात परतायचे, असा क्रम असतो. दोष दुर्बिणीचा नसतो. पाणपक्षी ओळखायचा तर तो कुठल्या पाण्यात उभा आहे हे आधी बघावे लागते, आणि तेच राहून जाते. घोट्याएवढ्या पाण्यात जो पक्षी दिसेल तो पुरुषभर पाण्यात दिसत नाही. ही एक गोष्ट पक्की केली की पुस्तकातली निम्मी पाने उलटावी लागत नाहीत.

डभोईच्या पुढे, बडोद्यापासून साधारण ४५-५० किलोमीटरवर असलेले हे तळे नैसर्गिक नाही. सयाजीराव महाराज तिसरे यांच्या काळात, १९१० च्या सुमारास, बडोदा संस्थानाने ते शेतीच्या पाण्यासाठी बांधले. ओरसंग नदीचे पाणी जोजवा बंधाऱ्यापाशी वळवून कालव्याने इथे आणले. २०२१ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. क्षेत्र ६३० हेक्टर. हा इतिहास शोभेसाठी सांगितलेला नाही. पाणी किती ठेवायचे, कधी सोडायचे हे शेताच्या गरजेवर ठरते, आणि पक्ष्यांचे गणित त्या मागोमाग चालते. तळे तुडुंब असताना चिखलातले पक्षी शोधायला जाल तर हात हलवत परत याल. तुडुंब तळ्यावर जायला हरकत नाही, पण मग डुबी मारणारी बदके बघायला जा.

कधी निघावे

सप्टेंबरात पहिले चिखलपक्षी येतात, ऑक्टोबरात बदकांचे पहिले थवे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भरगच्च काळ, आणि मार्च संपेपर्यंत बहुतेक पाहुणे निघालेले असतात. नवशिक्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळलेला बरा. कारण साधे आहे: तेव्हा बऱ्याच जातींचे नर अजून जुन्या तपकिरी पिसांत असतात आणि नर-मादी-पिल्लू सगळे एकाच मातीचे वाटतात. डिसेंबरापर्यंत नरांचे रंग उघडतात. शिकायचे तर तेव्हा.

डिसेंबरअखेर ते जानेवारीत इथे सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. बडोद्याहून पावणेसहाला निघालात तर उजाडता उजाडता पाळीवर असाल. सेव-उसळ परतल्यावर खा. नाश्त्यासाठी वाटेत थांबलात तर पहिला तास गेलाच. पहिला तास महत्त्वाचा, कारण साडेनऊ-दहानंतर ऊन तापते आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग दोनशे मीटरवरचे बदक कितीही महागड्या भिंगातून पाहा, ते वितळत्या लोण्यासारखेच दिसणार. धुके असेल तर मात्र आठपर्यंत धीर धरा. प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि बंद राहण्याचे दिवस बदलतात. निघण्याआधी वन विभागाकडे विचारून घ्या.

काय न्यावे, आणि ते कसे जुळवावे

दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की सव्वापाच येतात. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हे पुरेसे असते. १० पटीची दुर्बीण हातात जास्त हलते आणि तिच्यातून दिसणारा पाण्याचा तुकडाही लहान असतो. थव्यातले एक बदक शोधण्यातच वेळ जातो.

दुर्बीण न जुळवता वापरणारे दहात सात तरी निघतील. आधी दोन्ही नळ्या वाकवून दोन गोलांचे एकच गोल दिसेल असे अंतर ठरवा. मग उजवी नळी झाकून, डाव्या डोळ्याने, मधल्या चाकाने लांबची एखादी फांदी स्पष्ट करा. आता डावी नळी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचे कडे फिरवून तीच फांदी स्पष्ट करा. कडे कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधले चाक फिरवायचे. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली दाबा किंवा दुमडा, नाहीतर कडेने काळी वर्तुळे दिसत राहतील.

कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरा सदरा दुरून झेंड्यासारखा दिसतो. टोपी, पाणी, आणि खिशात मावेल अशी वही-पेन्सिल. थंडीत पेन अडते, पेन्सिल अडत नाही.

उभे कुठे राहावे

पाळीवर पोचल्यावर पहिल्यांदा स्वतःची सावली बघा. सावली पाण्याकडे पडत असेल तर सूर्य पाठीशी आहे आणि जागा बरोबर आहे. सावली मागे पडत असेल तर समोरचा प्रत्येक पक्षी काळी बाहुली होणार; पाळीवरून पुढे चालत जा आणि बाजू बदला. सकाळी जी जागा चालते ती संध्याकाळी चालत नाही, एवढे उघड आहे, तरी लोक दोन्ही वेळा त्याच बाकावर बसतात.

मग पाळीच्या माथ्यावरून एक पायरी खाली उतरून उभे राहा. आकाशाच्या रेषेवर उभा असलेला माणूस पक्ष्यांना फार लवकर खुपतो. थवा घाबरला आहे हे तो उडण्याच्या आधी कळते: खाणे थांबते, माना सरळ उभ्या होतात, आणि सगळे एकाच दिशेला, तुमच्यापासून दूर, सावकाश पोहू लागतात. हे दिसले की आहात तिथेच थांबा. आणखी दहा पावले टाकली तर तुमचाच नव्हे, मागून येणाऱ्यांचाही थवा गेला. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवणे, ड्रोन, खडे मारून ‘उडताना फोटो’, गाठिया फेकणे, यातले काहीही नको.

शेकाट्या ही तुमची मोजपट्टी

आता मूळ काम. पाण्यात न उतरता खोली कळायला हवी, आणि ते काम पक्षीच करून देतात.

शेकाट्या शोधा. काळे पंख, पांढरे अंग, काडीसारखे गुलाबी पाय. तो नाही असा उथळ काठ क्वचितच सापडेल. त्याच्या पायाच्या मधोमध जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो, खरे तर तो घोटा. पाणी त्या सांध्यापर्यंत असेल तर खोली साधारण १२ सेंटिमीटर. पोटाला लागत असेल तर २० च्या पुढे. जिथे शेकाट्या पोहू लागतो किंवा दिसेनासाच होतो, तिथून बदकांचा मुलूख सुरू झाला.

या पट्टीने तळ्याचे पट्टे पाडा. ओला चिखल आणि चार बोटे पाणी: धोबी, तुतवार, ठिपकेवाली तुतारी, टिटवी, आणि गवताच्या कडेला मातीत मिसळून गेलेला पाणलावा, जो पायाखालून उडाल्यावरच कळतो. एक वीतभर पाणी: शेकाट्या, मालगुजा, मोरशराटी, आणि चमच्यासारखी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालणारा चमचा. चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवून उभा राहणारा चित्रबलाकही याच पाण्यातला; तो मासा डोळ्याने शोधत नाही, चोचीला लागला की मिटतो. म्हणून गढूळ पाण्यातही त्याचे पोट भरते. उघड्या चोचीचा करकोचा शंखगोगलगायींवर जगतो. काठावर रिकामे शंख पडलेले दिसले तर एखादा उचलून बघा: कवच बहुधा शाबूत असते, कारण तो शंख फोडत नाही, आतला जीव ओढून काढतो.

अर्धा ते दीड फूट पाण्यात शेपूट आकाशाकडे करून डोके खाली घालणारी बदके मिळतील. सगळे अंग बुडवत नाहीत, मान पोचेल तेवढेच खातात. याहून खोल पाण्यात डुबी मारणारी बदके, पाणकावळे आणि टिबुकल्या. झोळीवालाही (पेलिकन) मोकळ्या पाण्यावर दिसतो, पण त्याला ओळखायला पट्टी लागत नाही.

नियमाला एक गमतीशीर अपवाद आहे. गडवाल हे उथळातले बदक, तरी ते कधीकधी खोल पाण्यात वारकऱ्यांच्या घोळक्यात तरंगताना दिसते. पाच मिनिटे नजर हलवू नका. वारकरी डुबी मारून पाणवनस्पतीचा झुपका वर आणतो आणि गडवाल शेजारून येऊन त्यातला तुकडा पळवते. खोल पाण्यातले जेवण त्याला न बुडता मिळते. वारकरी म्हणजे तो काळा, कपाळाला पांढरा टिळा असलेला पक्षी. नाव कसे पडले असेल ते एकदा पाहिल्यावर विचारावे लागत नाही. इथले गुजराती शेजारी त्याला भगतडुं म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांना तो भक्तच वाटला. तो बदक नाही, पाणकोंबड्यांच्या कुळातला आहे: चोच कोंबडीसारखी टोकदार, बोटांना पाकळ्यांसारखे पडदे, आणि उडायचे तर आधी पाण्यावर लांबपर्यंत पळावे लागते.

बदके वेगळी करणे

पहिला प्रश्न रंगाचा नाही. ते बुडते का, आणि उडताना काय करते? उथळातली बदके पाण्यावरून सरळ वर उसळतात. डुबी मारणारी आधी पाण्यावर धावतात. एवढ्याने यादी अर्धी होते.

मग नरांकडे बघा. तलवार बदकाची शेपटी लांब, अणकुचीदार. मानेच्या बाजूने पांढरी रेघ वर चढते. थापट्याची चोच डोक्याहून मोठी, पुढे फावड्यासारखी पसरलेली. ती पाण्याला लावून तो गोल गोल पोहतो आणि चोचीच्या कडेच्या कंगव्यातून बारीक जीव गाळून घेतो. तरंग बदकाच्या तांबूस डोक्यावर पिवळसर पट्टा आणि शीळ घातल्यासारखा आवाज. भुवई बदकाला ठसठशीत पांढरी भुवई. चक्रांग सगळ्यांत छोटे, शेपटीच्या बाजूला पिवळा त्रिकोण. गडवाल दुरून राखाडी, शेपटीखाली काळे; पंखावर पांढरा चौकोन चमकला तर तेच. आणि आपले घरचे हळदीकुंकू बदक: चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. त्याला हिवाळ्याची वाट बघावी लागत नाही, ते बारा महिने इथलेच.

डुबी मारणाऱ्यांत मोठी लालसरी वढवाण्याची खासियत मानावी. नराचे डोके नारिंगी, फुगीर, चोच लालभडक. पाण्यावर उंच तरंगते. पश्चिम भारतात हे बदक एवढ्या सहज सगळीकडे दिसत नाही. ते डुबी मारते, पण उथळात शेपूट वर करूनही खाते, त्यामुळे ‘बुडते का’ या कसोटीवर फसवू शकते. छोट्या लालसरीचे डोके विटकरी, छाती काळी, पाठ राखाडी. शेंडी बदक काळे, कुशी पांढऱ्या. नयनसरी गडद तांबूस, शेपटीखाली पांढरी, नराचा डोळाही पांढरा. तिला छोट्या लालसरीची मादी समजण्याची चूक सर्रास होते, तेव्हा शेपटीखालचा पांढरा डाग दिसल्याशिवाय वहीत नाव लिहू नका.

माद्यांच्या मागे पहिल्या हिवाळ्यात लागू नये असे आमचे मत आहे. कुठल्या नराबरोबर पोहते आहे ते बघून अंदाज बांधा आणि पुढे चला.

पाणकणसाची किनार

काठाशी उभे असलेले उंच पाते आणि त्यावर तपकिरी कणीस म्हणजे पाणकणीस. इथे घाबाजरियुं म्हणतात. त्याच्या पुढे लव्हाळे, मग पाण्यावर पसरलेली कमळाची किंवा कुमुदिनीची पाने, मग मोकळे पाणी. इथे फिरू नका, बसा. अर्धा तास हलू नका.

जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या आत असते, पण तिचे खाणे बाहेरून दिसते. देठ चोचीने उपटते, मग एका पायाच्या लांब बोटांत धरून, पोपट पेरू धरतो तसा, चोचीकडे नेते. बाहेरची पाती सोलून आतला मऊ पांढरा गाभा खाते. पाण्यावर सोललेल्या पात्यांचा कचरा तरंगत असेल तर ती जवळ आहे. कमळपक्षी पानांवर चालतो. बोटे इतकी लांब की वजन पसरून जाते आणि पान बुडत नाही. हिवाळ्यात त्याची लांब शेपटी झडलेली असते आणि मानेचा सोनेरी रंगही फिका पडतो, म्हणून पुस्तकातले चित्र डोक्यात ठेवून शोधणारा त्याला ओळखत नाही. ती शेपटी बघायची तर पावसाळ्यात या. तेव्हा नर अंड्यांवर बसलेला असतो आणि मादी दुसऱ्या नराच्या शोधात असते.

किनाऱ्यावर बेशरम माजली असेल किंवा जलपर्णीने पाणी झाकले असेल तर त्या तुकड्यात फार वेळ घालवू नका. झाकलेल्या पाण्यात ऊन पोचत नाही, खालच्या वनस्पती मरतात, आणि त्यांवर जगणारी बदके निघून जातात.

विश्वामित्री नदीतली मगर ठाऊक असलेल्या बडोदेकराला हे सांगायला नको, तरी: अनोळखी पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसू नका, पाण्यात पाय सोडू नका, आणि मुलांना पाळीच्या उतारावर एकटे सोडू नका.

मोजायचे असेल तर

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून सुरू आहे. स्वतःच्या वहीसाठी मोजतानाही तीच पद्धत बरी. शंभरापर्यंत एकेक मोजा. त्यापुढे थव्यातले दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठेवा आणि तो तुकडा थव्यावर मांडत जा. थवा हजारावर गेला तर तुकडा पन्नासाचा किंवा शंभराचा करा. डावीकडून उजवीकडे एकाच दिशेने, आणि थांबायची खूण आधीच ठरवलेली: एखादे वाळके झाड, एखादा खांब. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा.

आकडे चुकतात ते ठरावीक कारणांनी. डुबी मारलेले पक्षी गणतीतून निसटतात, म्हणून त्या घोळक्याकडे दोन मिनिटांनी पुन्हा बघा. वारकरी बदकांत मिसळून मोजले जातात. त्यांना आधी वेगळे काढा. दाट थवा आपण बहुधा कमीच धरतो. आणि सगळे तळे एकदम उठले तर मोजणी तिथेच सोडा आणि वर बघा: दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख उथळ इंग्रजी व्ही सारखे धरून पाणकणसावरून खाली-वर डुलत येत असेल. थवे पुन्हा बसले की जागा बदललेल्या असतात; पहिल्यापासून सुरुवात करा, अर्ध्यात जोड लावू नका.

वहीत तारीख, वेळ, हवा यांच्याबरोबर पाण्याची पातळी जरूर लिहा. पाळीच्या कुठल्या दगडापर्यंत पाणी आहे, एवढे पुरते. तीन-चार फेऱ्यांनंतर हा रकाना पक्ष्यांच्या नावांपेक्षा उपयोगी पडतो.

उत्तरायणाच्या दिवसांत

१४-१५ जानेवारीच्या आगेमागे मांजात अडकलेला पक्षी सापडू शकतो. दोरा ओढू नका. जखमेत शिरलेला भाग तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. बगळा-करकोच्याला धरताना आधी मान धरा, तो थेट डोळ्यावर चोच मारतो. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि १९६२ वर प्राण्यांच्या रुग्णवाहिकेला फोन करा. एकाच ठिकाणी बरीच बदके मेलेली दिसली तर मात्र हात न लावता वन कर्मचाऱ्यांना कळवा.

हंसांसाठी वेगळी वेळ

पट्टकादंब आणि कलहंस यांना दुपारी शोधाल तर पाण्यावर किंवा काठाच्या गवतावर झोपलेले सापडतील. मान पाठीत खुपसलेली, बघण्यासारखे फारसे काही नाही. ते रात्री आणि पहाटे आसपासच्या शेतांत चरतात. गव्हाचे कोवळे पाते त्यांना आवडते, आणि शेतकऱ्याला ते आवडत नाही, यात नवल नाही. म्हणून त्यांना बघायच्या वेळा दोनच. सकाळी, ऊन वर आल्यावर, ते शेतांकडून परततात: आधी दुरून नाकातला कलकलाट, मग तिरक्या ओळी, मग पाण्यावर उतरताना पाय पुढे टाकून घेतलेला ब्रेक. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. हिमालय ओलांडून येणारा हाच. कलहंस मातकट राखाडी, चोच गुलाबी, डोक्यावर पट्टे नाहीत.

दुसरी वेळ सूर्यास्ताची, सहाच्या सुमारास. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. इथे मात्र समोरचा उजेडच हवा, कारण रंग नाही, आकार आणि ओळी बघायच्या असतात. कुठल्या शेतांकडे गेले ती दिशा वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाजूने येतील. अंधार पडल्यावर पाळीवर टॉर्च पायाशी धरा, पाण्यावर मारू नका. तिथे अजून रातबगळे बाहेर पडायचे आहेत.